डार्विनची बाजू

ज्ञानेश सरांचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा. मधले दिवस नुसते असायचे. गंगापूर रोडला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी स्वयंपाकाला मंगलाबाई येई. "दूध फ्रिजमध्ये आहे," असं सर तिला सांगत, आणि कित्येकदा दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच वाक्य असे. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, घंटा झाली तरी बोलणं थांबवलं नाही, आणि शेवटी वाट्याला काय उरलं, तर दुधाचं वाक्य.

गुरुवारी दुपारी मात्र सायखेड्याहून आक्काचा फोन येई. आक्का म्हणजे मालनबाई, सरांची थोरली बहीण. गुरुवारी तिचा उपास. घरच्यांची जेवणं आटोपली की तिला फुरसत असे. "जेवला का? गोळ्या घेतल्या का?" एवढं विचारून झालं की ती घसा खाकरून म्हणे, "हं. काय म्हणतो तुझा डार्विन?"

आणि मग तासभर जुंपायची.

हे भांडण फार जुनं. सर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि आक्काचं लग्न नुकतंच झालं होतं. तिच्या सासरी पंगतीत बसून, कुणी विचारलेलं नसताना, या पोरानं जाहीर केलं की माणसाचा आणि माकडाचा पूर्वज एकच. वाढणाऱ्या सासूबाई थबकल्या. "तुमच्या चांदोरी गावाचा आसंल," त्या म्हणाल्या, "आमचा नाय." सगळी पंगत हसली. माहेरची अशी शोभा झालेली बघून आक्का तिथल्या तिथं भावावर धावून गेली. देवानं चौऱ्याऐंशी लक्ष योनी एकेक करून घडवल्या, हे काय तुझ्या मास्तरांना ठाऊक नाय का, म्हणाली. "मोजायला कोण बसलं होतं?" सरांनी विचारलं. "ज्यानं केल्या त्यानं मोजल्या. मी लाडू वळते तवा मोजत नाय का?"

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. आक्काची चौथीनंतर शाळा सुटलेली, पण तिचं डोकं वकिलाचं. "माकडाचा माणूस झाला, तर गडावरची माकडं आजून माकडंच का?" असं तिनं विचारलं, तेव्हा सरांनी तिला भाऊबंदकीतून समजावलं. आपण काही चुलतभावांपासून झालो नाही, आपला आणि त्यांचा आजा एक. माकडं ही आपली चुलत घराणी. "चुलते वाटणी मागतात," आक्का म्हणाली, "माकडं कुठं मागतात?" सर म्हणाले, "मग तुझ्या पेरूच्या बागेत ती काय करतात?" त्या दिवशी आक्का फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला.

देवमाशाच्या अंगात मागच्या पायांची हाडं असतात, पाय नसतात, हे सरांचं हुकमी अस्त्र. पाय नाहीत तर हाडं कशाला? आक्कानं आठवडाभर विचार केला आणि पुढच्या गुरुवारी उत्तर दिलं, "उरली आसतील. गोधडीत नाय का आपण जुन्या चिंध्या भरत? देवानं भरल्या." अंगावर काटा का येतो, तर आपल्या पूर्वजांच्या अंगभर केस होते आणि थंडीत, भीतीत ते फुगत, हेही सरांनी सांगून पाहिलं. "मांजराचं फुगतं तसं?" "तसंच." "मग मला मांजर म्हण, माकड नको."

आषाढात एका गुरुवारी मात्र आक्कानं सरांना पेचात पकडलं. तिच्या घरचा झेंडूचा मळा. बी धरायला टपोरी फुलं निवडायची, बारकी सोडून द्यायची, हे काम तिनं सून म्हणून आल्यापासून केलेलं. ती म्हणाली, "आमचा झेंडू मोठा झाला, कारण मी निवडला. निवडणारं कोनीतरी लागतंच ना? तुझ्या रानात कोन निवडतं?" सर म्हणाले, थंडी निवडते, दुष्काळ निवडतो. जो टिकतो तो उरतो. "बरं. आन् दुष्काळ कोन धाडतं?"

उत्तर सरांकडे होतं, पण आक्काच्या तोडीचं नव्हतं. "पुढच्या गुरुवारी सांगतो," म्हणाले. आक्का विजयी मुद्रेनं "ये तयारी करून" म्हणाली ते त्यांना फोनवरही दिसलं.

पुढचा गुरुवार सरांनी दवाखान्यात काढला. छातीत कळ आली, तळमजल्यावरच्या यादवांनी रिक्षात घालून नेलं. आक्काचा मुलगा राज सायखेड्याहून गाडी काढून आला, सह्या केल्या, बाकावर झोपला. सरांच्या हृदयात स्टेंट बसला. नाकात नळी असताना, आपण वाचतो की नाही याचा विचार करायचा सोडून, हा माणूस छताकडे बघत दुष्काळाचं उत्तर जुळवत होता. घरी आल्यावर आरामाचं, पथ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि गुरुवारची वाट बघत बसले.

फोन आला. जेवला का झालं, गोळ्या झाल्या. डार्विनची चौकशी काही येईना, तेव्हा सर स्वतःच म्हणाले, "आक्का, त्या दुष्काळाचं सांगायचं राहिलंय."

"सांग की."

सरांनी सांगितलं. दुष्काळ कोणी धाडत नाही. समुद्र तापतो, वारं फिरतं, ढग येत नाहीत. त्यांना कोणाला मारायचं नसतं की तारायचं नसतं. तू फूल निवडतेस तेव्हा तुझ्या मनात उद्याचं फूल असतं. दुष्काळाच्या मनात काहीच नसतं, त्याला मनच नाही. वाक्यं दवाखान्यात घासूनपुसून ठेवलेली होती. बोलून झाल्यावर सर कान टवकारून थांबले.

"आसंल बाबा," आक्का म्हणाली. "तू म्हणतो तसंच आसंल."

पहिल्यांदा सरांना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. इतक्या वर्षांत आक्कानं पहिल्यांदा हार मानली होती. चहा करून घेतला, गॅलरीत उभे राहिले. पण चहा संपेपर्यंत ते बरं वाटणं कुठं गेलं ते त्यांना कळलं नाही. तासाचा फोन दहा मिनिटांत संपला होता, आणि पुढं अख्खी दुपार पडली होती.

पुढच्या गुरुवारीही तेच. "आसंल." त्याच्या पुढच्या गुरुवारी "तुझंच बराबर." सरांनी भाऊबंदकी काढली, चिंध्या काढल्या, आक्काला मुद्दाम डिवचलं. काही उपयोग नाही. एकदा त्यांनी सरळ थाप मारली. "आक्का, नवीन शोध लागलाय. वांग्याचं झाडसुद्धा माकडापासूनच झालं."

"आसंल रे. तुमी शिकलेली माणसं."

सरांनी फोन ठेवला आणि हातात मोबाइल धरून तसेच बसून राहिले. बहीण फोनवर होती आणि नव्हतीही.

त्यांनी पर्यायी सोय करून पाहिली. यादव बँकेतून निवृत्त झालेले, भला माणूस, जीव वाचवलेला. त्यांना खाली बाकावर गाठून सरांनी विषय काढला. यादव म्हणाले, "काय आहे सर, दोन्ही बाजू असतात." आता यावर माणसानं काय बोलावं? दोन्ही बाजू असतात म्हणणाऱ्याची कुठलीच बाजू नसते, आणि त्याला सकाळी फिरायला सोबत न्यावं, वादाला नेऊ नये. सर दोन दिवस त्यांच्या बाकावर बसले आणि मग वरच राहू लागले. संध्याकाळी दिवा लावायचा कंटाळा करू लागले. मंगलाबाई म्हणाली, "सर, भाजी तशीच ठेवताय तुम्ही." सर म्हणाले, "दूध फ्रिजमध्ये आहे."

खुलासा झाला तो दीपमालाकडून. ती राजची बायको, मनात काही न ठेवणारी मुलगी. नवरात्रात तिनं तब्येत विचारायला फोन केला.

"मामा, आता कसं शांत वाटतं ना?"

"शांत म्हणजे?"

"म्हणजे आईंचा वाद बंद झाला ते. डॉक्टर म्हणाले ना, मनाला त्रास नको, चिडायचं नाही. तुम्ही फोनवर किती तावातावानं बोलायचे, यांना काळजीच वाटायची. मग यांनी आईंना शपथच घातली. आईंचा हात स्वतःच्या गळ्याला लावून म्हणाले, म्हण, माझ्या गळ्याची शप्पथ, मामाच्या डार्विनला परत खोटं म्हणणार नाय. आई लय रडल्या हो. पण घेतली त्यांनी."

सर "बरं, बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? भाचा चुकला असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? बाकावर झोपलेलं पोर ते. आणि आक्काला शपथ मोड म्हणणं तर शक्यच नव्हतं. सरांच्या लेखी शपथ म्हणजे हवा. पण आक्काच्या लेखी ती तिच्या एकुलत्या एका मुलाच्या गळ्यावर ठेवलेली सुरी होती. ती मोडायला सांगणं म्हणजे म्हातारीला जन्मभराचा घोर लावणं. सगळ्यांनी मिळून, निव्वळ मायेपोटी, सरांना एकटं पाडलं होतं, आणि त्यात कुणाचाच गुन्हा नव्हता. भांडायला निदान गुन्हेगार तरी हवा होता.

दिवाळी आली. भाऊबीजेला सर दर वर्षी सायखेड्याला जात. या वर्षी एसटीनं जायचं नाही म्हणून राज गाडी घेऊन आला. डिकीत झेंडूच्या रिकाम्या जाळ्या होत्या, गाडीभर त्यांचा उग्र वास. वाटेत राज द्राक्षांच्या छाटणीबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला. सरांनी खिडकी थोडी खाली केली. आक्काला आता डोळ्यांनी बघायचं, आणि तिनं समोर बसून "आसंल" म्हणायचं, याची त्यांना भीती वाटत होती. फोनवरचं ठेवून देता येतं.

सूर्य बुडाल्यावर अंगणात पाट मांडला. दीपमालानं रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या आणि ती आत करंज्या तळायला गेली. सर पाटावर बसले. गोदावरीकडून गार वारं येत होतं. आक्का तबक घेऊन आली. दिवाळीची नवी साडी, आणि तिच्यात ती आणखी लहान झालेली. सायखेड्याकडे बायका आधी बीजेच्या चंद्राला ओवाळतात, मग भावाला. नारळाच्या झावळ्यांमागे चंद्राची बारीक कोर दिसत होती. आक्कानं तिकडं तोंड केलं.

सर दर वर्षी म्हणत तेच म्हणाले, "ओवाळ. आधी दगडाला, मग भावाला."

यावर आक्काचं उत्तर ठरलेलं असे. "तो दगड बरा. दर महिन्याला तरी येतो." मग दोघं हसत.

आक्का थांबली. उचललेलं तबक तिनं खाली घेतलं. "व्हय रे," ती म्हणाली, "दगडच तो." आणि चंद्राला न ओवाळताच भावाकडे वळली.

ते सरांना सोसलं नाही. दवाखान्यातली कळ परवडली. परकर नेसायची तेव्हापासून या बाईनं त्या चंद्राला ओवाळलेलं, आणि आज तिनं त्याला केवळ आपल्यासाठी सोडून दिलं. आपण जिंकलो ते हे.

"नाही आक्का," ते म्हणाले. काय बोलतोय ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "दगड नाही. देवानंच केलाय तो. सगळं त्यानंच केलंय. माझंच चुकत होतं इतकी वर्षं."

आक्काचा चेहरा पांढरा पडला. तिनं तबक घाईघाईनं जमिनीवर ठेवलं, गुडघे धरत खाली बसली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ज्ञाना, छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"घाम आलाय का?"

"काही नाही. पटलं मला, म्हणून बोललो."

"आसं बोलू नको." ती हात कपाळावरून काढेना. "आपले आबा आसेच बोलले व्हते. जन्मात कुणाला गोड शब्द नाय, आन् शेवटल्या आठवड्यात आईला म्हनले, तुझ्या हातची भाकर चांगली आसती. तवाच आईनं वळखलं. मानूस आसा एकदम पालटला की जायला निघालेला आसतो."

सरांना हसू यायला हवं होतं. पण ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. फोनवर इतके गुरुवार "आसंल, आसंल" म्हणणारी ही बाई आतून किती घाबरलेली होती, ते त्यांना आत्ता दिसलं. आणि दुसरंही दिसलं. ती आता बोलत होती. पुष्कळ दिवसांनी ती त्यांना "नको" म्हणत होती.

"खरंच पटलं," सर म्हणाले. "देवानं चौऱ्याऐंशी लक्ष योनी केल्या. मोजून."

"मोजायला कोन बसलं व्हतं?" आक्कानं फाडकन विचारलं.

सरांनी तिचंच जुनं उत्तर पुढं केलं. "ज्यानं केल्या त्यानं मोजल्या. तू लाडू मोजत नाहीस का?"

"माझं लाडवाचं सोड. देवमाशाच्या अंगात पायाची हाडं कशाला मग? सांग ना. पाय नायत तर हाडं कशाला?"

"उरली असतील. गोधडीत भरतो तशी."

"देव काय चिंध्या भरनारा हाय?" आक्काचा आवाज चढला. "त्याला काय कमी हाय? आरं, पाय व्हते त्याला आधी. पान्यात ऱ्हायला लागला, मंग गेले. तूच सांगितलंय मला, येक डाव नाय, धा डाव."

"आणि रानात कोण निवडतं? निवडणारा लागतोच ना?"

"नाय लागत. दुष्काळ निवडतो, थंडी निवडती. आन् दुष्काळ कोन धाडतं ते इचारू नको. कोनी धाडत नाय. समुद्र तापतो, वारं फिरतं, ढग येत नायत. त्याला मन नाय. माझ्या मनात उद्याचं फूल आसतं, त्याच्या मनात काय नाय."

ते उत्तर सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून नुसतं "आसंल बाबा" आलं होतं. ऐकणारं कुणी नाही असं त्यांना वाटलं होतं. आणि तिनं एकही शब्द खाली पडू दिला नव्हता.

आवाज ऐकून राज दारात आला. "आई, काय चाललंय? शपथ घेतलीय ना तू?"

"घेतलीय ना. पाळतेय मी." आक्कानं मान वळवलीसुद्धा नाही. "तुझ्या मामाच्या डार्विनला मी खोटं म्हनत नाय. तुझा मामाच म्हनतोय. डार्विनची बाजू घ्यायची नाय, आसं कुठं ठरलंय?"

राज एकदा आईकडे, एकदा मामाकडे बघत उभा राहिला. मग आत गेला.

तबकातलं निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं. ओवाळायचं राहूनच गेलं होतं. आक्का चुलत घराण्यांवर आली, तिथून पेरूच्या बागेवर आली. तिच्या गालांवर रंग चढला होता. सर तिच्याच जुन्या उत्तरांनी तिला अडवत होते आणि ती ती उत्तरं एकेक करून मोडत होती. आयुष्यात पहिल्यांदा घरातलं कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोलत होतं, ठासून, चोख, आणि त्यांना समोर एकट्यानं उभं राहून नाही म्हणायचं होतं. ज्यात आपण कधी राहिलो नाही अशा, आक्काच्या श्रद्धेच्या घरात ते बसले होते, आणि बाहेरून त्यांची बहीण त्यांना त्यांच्याच घरी बोलावत होती.

बोलता बोलता आक्कानं त्यांचा हात धरला आणि थबकली. सदऱ्याची बाही तिनं वर सरकवली. सरांच्या कोपरापर्यंत काटा फुलला होता, एकूण एक पांढरा केस उभा.

"हा बग," आक्का म्हणाली. आता ती हळू बोलत होती. "हा बग काटा. कशाला येतो हा? पूर्वी अंगभर केस व्हते म्हनून येतो. आता केस गेले, काटा ऱ्हायला. हाय ना? ज्ञाना, हाय ना बराबर?"

बरोबर होतं. अक्षरशः बरोबर होतं. वर्गात कुठल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर सरांनी त्याला बाकावर उभं करून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. हो म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण हो म्हटलं की बोलणं संपलं. उद्या गंगापूर रोड, आणि गुरुवारी पुन्हा जेवला का, गोळ्या घेतल्या का.

आक्का बाही धरून वाट बघत होती.

"देवानं दिलाय तो," सर म्हणाले. "उगीच नाही देत तो काही. गुरुवारी सांगेन कशाला दिलाय ते."